मायक्रोवेव्ह: भात मधोमध गार, पोळी चामट, नेमकं चुकतं कुठे?

भिंगरी
मायक्रोवेव्हबद्दल दोन तक्रारी घरोघर ऐकू येतात. फ्रिजमधला भात कडेला चटका बसेल इतका तापतो आणि मधोमध थंडगार राहतो. पोळी बाहेर काढताना मऊसूत असते आणि ताटात पडेपर्यंत चामट होते. वेळ वाढवली की भात वाळतो, कमी केली की गार राहतो. पाककृतींत नुसतं '३ मिनिटं' लिहिलेलं असतं. किती वॅटवर, किती वजनाला, झाकून की उघडं, याचा पत्ता नसतो.
२० लिटरचा साधा (सोलो) ओव्हन आणि ८०० वॅट असं धरून चालू. नेमके आकडे लिहा, आणि कारणंही लिहा. भांडी, प्लग, सफाई यांचं आलं तरी चालेल.

आंबेमोहर
आधी कारण. ओव्हन अन्न तापवतो ते मायक्रोवेव्ह लहरींनी. या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. आतल्या धातूच्या भिंतींवर आपटून त्या एकमेकींत मिसळतात आणि साधारण ६-६ सेंटिमीटरवर तापणाऱ्या जागा तयार होतात. मधल्या जागा थंडच राहतात. फिरती थाळी असते ती यासाठी. पण थाळीचा मध्यबिंदू जागचा हलत नाही, त्यामुळे तिथे ठेवलेला पदार्थ सगळ्यात बेभरवशाचा.
खात्री करायची असेल तर मोठा उडदाचा पापड बरोबर मधोमध ठेवून ४० सेकंद लावा आणि दारातून बघत राहा. एका पट्ट्यात पांढरे फोड धडाधड उठतात, शेजारची बोटभर जागा कच्ची पिवळीच राहते आणि पापड तिथून वाकडा होतो. भातातही हेच होतं, फक्त दिसत नाही.
दुसरी गोष्ट खोलीची. 'मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो' हे चूक आहे. ओलसर पदार्थात लहरी २-३ सेंटिमीटर आत जातात. त्यापुढचं तापणं आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, बाहेरून आत उष्णता सरकत. म्हणून खोल वाडग्यातला भाताचा डोंगर मधे गारच राहणार.

रोहित्र
आंबेमोहर यांनी कारण सांगितलं, मी वॅटचं सांगतो. मागच्या स्टिकरवर दोन आकडे असतात. १२०० वगैरे असतो तो ओव्हन विजेतून खेचतो तो. ७०० किंवा ८०० असतो तो अन्नाला मिळतो तो. पाककृतीतला आकडा हा दुसरा.
ओव्हन जुना असेल किंवा गावाकडे विजेचा दाब कमी असेल तर हा दुसरा आकडा खरा राहत नाही. मोजायची रीत सोपी आहे. काचेच्या भांड्यात १ लिटर साधं पाणी घ्या आणि तापमापकानं तापमान बघा. पूर्ण पॉवरवर बरोबर २ मिनिटं लावा, लगेच ढवळा आणि पुन्हा बघा. जितके अंश वाढले त्याला ३५ नं गुणा. २५ चं ४७ झालं तर २२ गुणिले ३५, म्हणजे ७७० वॅट. ८०० च्या ओव्हनला हे उत्तम. ५५० आलं तर आधी विजेचा दाब तपासा. तो २३० व्होल्टच्या आसपास असेल तर मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) थकलाय.
वेळ बदलायचं गणित: पाककृतीतले सेकंद गुणिले तिचे वॅट, भागिले आपले वॅट. ९०० वॅटची ३ मिनिटं ७०० वॅटला ३ मिनिटं ५० सेकंद होतात.

दवबिंदू
वजन दुप्पट झालं की वेळही जवळजवळ दुप्पट, हेही लिहा. गॅसवर एक बटाटा उकडा की चार, वेळ तेवढीच. इथे तसं नाही. ठरलेली ऊर्जा सगळ्यांत वाटली जाते.

रोहित्र
बरोबर. म्हणूनच चार माणसांपर्यंत मायक्रोवेव्ह, त्यापुढे गॅस.

नाचणी
पॉवरचं बटण हे खरं औषध आहे आणि तेच कुणी दाबत नाही. साध्या ओव्हनमध्ये ५०% म्हणजे मंद आच नव्हे. मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण जोरात चालतो, काही सेकंद बंद राहतो. कान दिला तर घरघर चढताना-उतरताना ऐकू येते. बंद असलेल्या त्या सेकंदांत कडेची उष्णता आत सरकते. इन्व्हर्टर प्रकारच्या ओव्हनमध्ये जोरच कमी होतो, त्यामुळे लोणी वितळवणं, चॉकलेट, मासे सुटे करणं त्यात जास्त चांगलं जमतं.
अंदाज असा: पाणी, चहा, भाज्या वाफवणं १००%. शिळी भाजी, आमटी ७०%. पनीर, दह्याची कढी, अंड्याचं काहीही ५०%. बर्फ झालेलं मांस-मासे ३०%.
माशांना ३०% का? बर्फ या लहरी फार कमी शोषतो आणि पाणी भरपूर शोषतं. एका कोपऱ्यात थोडं पाणी सुटलं की सगळा जोर तिथेच लागतो. सुरमईच्या तुकड्याची कड शिजून पांढरी पडते आणि आत दगड असतो तो यामुळे. २-२ मिनिटं लावा, दर वेळी तुकडे उलटा आणि सुटे करा, सुटलेलं पाणी ओता. मधे थोडा बर्फ असतानाच थांबा आणि १० मिनिटं तसंच ठेवा. मग लगेच शिजवा, परत फ्रीजरमध्ये टाकू नका.

पाटावरवंटा
स्टीलची वाटी चालते का? काही जण सर्रास ठेवतात आणि ठिणगी वगैरे पडत नाही म्हणतात.

आंबेमोहर
गुळगुळीत, जाड काठाच्या वाटीत आमटी असेल तर बऱ्याचदा ठिणगी पडत नाही, हे खरं. तरीही ठेवू नये. लहरी स्टीलमधून आत जात नाहीत, त्यामुळे आमटी फक्त वरच्या उघड्या तोंडातून तापते. वेळ दुप्पट लागतो. आणि वाटी सरकून भिंतीला किंवा दुसऱ्या वाटीला टेकली की मधल्या बारीक फटीत ठिणगी उडते, भिंतीचा रंग जळतो आणि तिथून पत्रा गंजायला लागतो.
टोकदार आणि पातळ धातू सर्वांत वाईट: काट्याचमचा, फॉइलची सुरकुतलेली कड, कपाची सोनेरी किनार, पार्सलच्या पिशवीची स्टेपलची पिन. आणि एक हमखास विसरलं जाणारं, चांदीचा वर्ख. वर्ख लावलेली काजूकतली १० सेकंद मऊ करायला ठेवली की वरून कडकड ठिणग्या. विड्यावरचा वर्ख असला तरी तेच.
ओव्हनसोबत आलेली जाळी ग्रिलसाठी तशीच घडवलेली असते, ती पुस्तिकेत सांगितलेल्या मोडवर चालते. कन्व्हेक्शन (गरम हवेनं भाजणाऱ्या) ओव्हनमध्ये केकचं ॲल्युमिनियमचं भांडं चालतं, पण फक्त कन्व्हेक्शनवर. कॉम्बिनेशन मोडला नाही, कारण त्यात लहरीही चालू असतात.

पाटावरवंटा
वर्खाचं लक्षातच आलं नव्हतं. दिवाळीच्या आधी कळलं हे बरं झालं.

मूठभर_मेथी
आता प्लास्टिक. 'मायक्रोवेव्ह सेफ' याचा अर्थ भांडं वितळत नाही, एवढाच. तेल-तूप-साखर १०० अंशांच्या खूप वर जातात. तेलकट रस्सा प्लास्टिकमध्ये तापवला की डब्याला कायमचा पिवळा-लाल खडबडीत पट्टा पडतो. तो रंग नुसता बसलेला नसतो, तिथे प्लास्टिक भाजलेलं असतं. तळाशी त्रिकोणात ५ असेल (पॉलिप्रॉपिलीन) तर पाणीदार पदार्थ गरम करायला ठीक. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, थर्माकोल त्यातलंच, अजिबात नको. दही-श्रीखंडाचे डबे गार पदार्थांसाठी असतात. मेलामाइनच्या ताटल्या स्वतःच तापतात आणि तडकतात.
बोरोसिलिकेट काच सर्वांत उत्तम. पण फ्रिजमधून काढलेलं भांडं थेट पूर्ण जोरावर किंवा तापलेलं भांडं ओल्या ओट्यावर, असं काचेलाही नको.
शंका असलेलं भांडं तपासायचं असं: ते रिकामं ठेवा, शेजारी काचेच्या कपात पाणी ठेवा, १ मिनिट लावा. पाणी गरम आणि भांडं गार तर भांडं चांगलं. भांडंच तापलं तर बाद. धातूच्या भांड्याला ही चाचणी लावू नका. आणि पाण्याचा कप विसरू नका, कारण रिकामा ओव्हन चालवला की लहरी शोषायला काहीच नसतं आणि त्या मॅग्नेट्रॉनवर परततात.

विळी
झाकण घट्ट लावलेला डबा ठेवू नका, विशेषतः चार बाजूंनी क्लिपा आणि रबर असलेला. वाफ कोंडून झाकण उडतं. झाकण उलटं किंवा तिरकं ठेवावं. बटाटा, वांगं, टोमॅटो, रताळं यांना काट्यानं ५-६ जागी टोचलंच पाहिजे. अंडं कवचासकट कधीच नको. उकडून सोललेलं अंडंही नको. बलकावरच्या पातळ पडद्याआड वाफ कोंडते आणि ते बाहेर काढल्यावर, दात लावताना फुटतं. तापवायचंच असेल तर चार तुकडे करून.

रोहित्र
फुटण्याचा विषय निघालाय तर पाण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण यात चेहरा भाजतो. नव्या, गुळगुळीत काचेच्या कपात नुसतं पाणी जास्त वेळ तापवलं तर ते १०० च्या वर जातं, तरी एक बुडबुडा येत नाही. बुडबुडा धरायला खडबडीत जागाच नसते. दिसायला शांत. मग त्यात चहाची पुडी, कॉफी किंवा साखर पडली की अख्खा कप एका क्षणात उसळतो.
उपाय: कपात आधीच लाकडी काडी किंवा आइस्क्रीमची काठी घाला. २०० मिलिलिटरला दीड-पावणेदोन मिनिटांवर जाऊ नका. थांबल्यावर ३० सेकंद दार उघडू नका. एकदा तापवून विसरलेलं पाणी तसंच पुन्हा लावू नका, त्यातली हवा पहिल्याच वेळी निघून गेलेली असते.

दवबिंदू
दुधाचं उलटं. ते उतू जातं. अर्धा लिटर फ्रिजमधलं दूध ८०० वॅटला साधारण ४ मिनिटांत वर येतं. भांडं दीड लिटरचं हवं, आणि ३ मिनिटांनंतर दारासमोरून हलायचं नाही. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली मात्र मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा थर तोंड भाजेल इतका गरम असतो. गरम पाण्याच्या वाडग्यात उभी करावी.

चकचकीत
आतमध्ये उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक चौकोन असतो, तो काढून टाकला तर चालतो का? तिथून ठिणग्या येतात.

रोहित्र
काढू नका! तो अभ्रकाचा (मायका) पत्रा आहे. त्याच्यामागे मॅग्नेट्रॉनकडून येणारा मार्ग असतो. त्यावर तेलाचा, फोडणीचा शिंतोडा पडतो, तो प्रत्येक वेळी तापत जातो, कोळसा होतो, आणि कोळशातून वीज वाहते. मग ठिणग्या. डाग नुसता तेलकट असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. काळा पडून भोक पडलं असेल तर पत्रा बदला. सुट्या भागांच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो, जुन्याच्या मापानं कात्रीनं कापता येतो. प्लग काढा, जुना काढा, मागची भिंत कोरड्या फडक्यानं पुसा, नवा बसवा. भिंतीचाच रंग जळून पत्रा उघडा पडला असेल तर ते काम कारागिराचं.
घरी करायची दुरुस्ती एवढीच. बाहेरचं कव्हर उघडू नका. आत सुमारे ४००० व्होल्टचा मामला आहे आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीव घेण्याइतका भार राहू शकतो.

पाटावरवंटा
आणि प्लग? ६ अँपिअरचा कन्व्हर्टर लावून चालवलेले खूप दिसतात.

रोहित्र
१२०० वॅटला ५ अँपिअरच्या वर खेच. कन्व्हेक्शनवर २२०० वॅट धरले तर साडेनऊ अँपिअर. ६ चा पॉइंट आणि त्यामागची बारीक वायर यासाठी नाही. पिना सैल, प्लास्टिक पिवळं, मग जळका वास, हा क्रम ठरलेला. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, अर्थिंग तपासलेलं, आणि त्याच पॉइंटवर मिक्सर नाही, इंडक्शन नाही. मागे किमान १० आणि वर २० सेंटिमीटर मोकळी जागा. वर टेबलक्लॉथ आणि त्यावर बरण्या मांडल्या की वाफ आणि उष्णता जायला वाट राहत नाही, आणि तिथल्या उबेला झुरळं राहायला येतात. बटणांचं पॅनेल आपोआप टुक-टुक करायला लागलं की बहुधा आत झुरळ किंवा ओल शिरलेली असते.

चकचकीत
दारातून किरण बाहेर येतात का? मोबाइल आत ठेवून रिंग वाजते का बघायचं म्हणतात.

आंबेमोहर
त्या चाचणीचा उपयोग नाही. मोबाइल अगदी क्षीण सिग्नलवरही वाजतो आणि तो वेगळ्या वारंवारतेवरही चालतो. गळतीची मर्यादा ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट आहे, आणि हातभर लांब गेलं की ती झपाट्यानं घटते. ओव्हन चालू असताना वायफाय रखडतं ते दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर आहेत म्हणून. राउटरची ताकदच ०.१ वॅटच्या आसपास, त्याला थोडीशी गडबडही पुरते. घाबरायचं कारण नाही. या लहरींमुळे अन्न किरणोत्सर्गी होत नाही, ओव्हन थांबला की त्या संपल्या.
बघायचं ते दार. बिजागरी सैल आहे का, कागद धरून दार लावल्यावर तो एखाद्या बाजूनं सहज निसटतो का, काच किंवा जाळी तडकली आहे का, काठाला अन्न चिकटून दार पूर्ण मिटत नाही का. यातलं काही असेल तर वापर बंद. आणि चालू ओव्हनचं दार ओढून थांबवायची सवय सोडा. दारामागे सुरक्षेचे स्विच असतात, ते झिजतात. आधी स्टॉप, मग दार.

विळी
आत काही पेटलं तर? शेंगदाणे जळून धूर झाला तर?

रोहित्र
दार उघडू नका, हवा मिळाली की भडकतं. भिंतीवरचं बटण बंद करा आणि विझेपर्यंत थांबा.

नाचणी
शेंगदाण्यांचं प्रमाण देते, म्हणजे ही वेळ येणार नाही. १ वाटी (१५० ग्रॅम) पसरट काचेच्या ताटलीत एका थरात. २ मिनिटं, हलवा. १ मिनिट, हलवा. मग ३०-३० सेकंद. गरम असताना ते मऊच लागतात आणि बाहेर काढल्यावरही भाजत राहतात. साल सुटायला लागली, खमंग वास आला की थांबा, गार झाल्यावर कुरकुरीत होतात. दोन वाट्या भाजायला घेतल्या तरी दाण्याचं कूट एकाच वाटीचं होतं, हे घरात मुलं असणाऱ्यांनी धरून चालावं.
बेसनलाडू: २ वाट्या बेसन, अर्धी वाटी पातळ तूप, गुठळी राहू न देता कालवा. २ मिनिटं, ढवळा, मग १-१ मिनिट ४-५ वेळा, दर वेळी तळापासून ढवळत. शेवटी ३० सेकंद. तूप १०० अंशांवर थांबत नाही, म्हणून शेवटच्या मिनिटात बदामीचं काळं होतं.

मूठभर_मेथी
बेसनाशी असहमत. कढईत अर्धा तास हलवून जो वास येतो तो यात येत नाही. उकड मात्र मायक्रोवेव्हमध्येच करावी. १ वाटी पाणी, १ चमचा तूप, चिमूट मीठ, २ मिनिटं. उकळी आली की १ वाटी मोदकाची पिठी घालून ढवळा, झाकून दीड मिनिट, मग न उघडता ५ मिनिटं. तळाला लागत नाही, गुठळ्या होत नाहीत. मोदक उकडायला मोदकपात्रच.
भरताचं वांगंही गॅसवरच. टोचून, तेल लावून ७ मिनिटांत ते शिजतं, पण त्याला भाजल्याचा वास नाही.

नाचणी
बेसन मोठ्या प्रमाणात असेल तर कढईच, मान्य. दोन वाट्यांसाठी ही रीत चांगली.

भिंगरी
खूप काही मिळालं. पण भात-पोळी राहिलीच की!

आंबेमोहर
भात. २५० ग्रॅम, म्हणजे दोन वाट्या. पसरट काचेच्या ताटलीत दोन बोटं जाडीचा थर, गोळे फोडून मोकळा. मधे बोटानं खळगा करा, मेदूवड्यासारखा. मध्ये काहीच नसलं की गार राहायलाही काही नाही. वर २ मोठे चमचे पाणी शिंपडा, सैल झाकण. ताटली थाळीच्या मधोमध न ठेवता कडेकडे. पूर्ण जोरावर १ मिनिट ३० सेकंद, खालवर करा, आणखी ३० सेकंद, झाकूनच १ मिनिट बाहेर. हे शेवटचं मिनिट वगळायचं नाही, उष्णता सारखी होते ती तेव्हाच. वाफाळता हवा, मध्यभागी ७५ अंशांच्या जवळ.

विळी
आणि वाफाळला की त्यात काही उरत नाही, बरोबर?

आंबेमोहर
नाही, हे महत्त्वाचं आहे. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजल्यावरही टिकतात. भात ओट्यावर तासन् तास राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं ते विष पुन्हा तापवूनही जात नाही. भात उरला की पसरून गार करा, तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच तापवा.

दवबिंदू
पोळीचं मी लिहिते. ती पातळ, त्यात पाणी आधीच थोडं. १५ सेकंदांत ती तापते, पुढच्या १५ त पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि गार होताना ती आखडते. म्हणजे जास्त तापवणं हीच चूक. एक पोळी: ओलसर पिळलेल्या सुती फडक्यात, ७०% वर १२ ते १५ सेकंद. चार पोळ्या: चवड फडक्यात गुंडाळून ३५ सेकंद, मधे एकदा चवड उलटी. काढल्यावर फडक्यासकट डब्यात, आणि पाच मिनिटांत खाऊन संपवा. दुसऱ्यांदा तापवू नका.
भाकरी तव्यावरच. पाण्याचा हात लावून.

पाटावरवंटा
आणि पुरणपोळी?

दवबिंदू
१५ सेकंद, पूर्ण जोर नको, आणि मग १ मिनिट थांबा. गुळामुळे पुरण वरच्या पारीपेक्षा खूप जास्त तापतं. हाताला पोळी कोमट लागते आणि जीभ पोळते. तूप नंतर घाला.